डाव्या पायाची क्रीज

२ मार्च

लेकीस,

आशीर्वाद शेवटी देईन, तोवर शिल्लक राहिले तर.

फोनवर माझा आवाज आला की तुझी रेंज जाते. टोळ बोलते तेव्हा मात्र समुद्रापलीकडून तुझी शिंकसुद्धा ऐकू येते. म्हणून पत्र. पत्राला रेंज लागत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस, कारण यात तुझ्या पोरीचं आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा अक्षराला नाक मुरडू नकोस. आणि भिजवलेल्या कपड्यांचा विषय मी काढणार नाही. तूही काढू नकोस.

तू तिचं नाव हौसेनं ठेवलंस, ते शाळेच्या दाखल्यावर आहे. गल्लीत ती टोळच. अकरा पुरी झाली आणि सगळी वाढ पायांत गेली. धड गेल्या वर्षीचंच आहे, खाली पाय तेवढे नवीन बसवल्यासारखे. शाळेच्या लांब उडीच्या संघात आहे. उडते तेव्हा आधी पाय पोचतात, पोर मागून येते.

आता मुद्द्याचं. शाळेची राखाडी पँट समोरच्या शिंप्याकडून नवी शिवून घेतली. पहिल्या दिवसापासून तिची डावी क्रीज सरळ पडेना. टेबलावर ठेवली की पट्टीनं आखल्यासारखी. पोरीच्या अंगावर चढली की उजवी क्रीज बुटापर्यंत नीट उतरते आणि डावी गुडघ्याशी आत शिरते, तिथून पुन्हा बाहेर पळते. मला वाटलं, माझा हात म्हातारा झाला. पाणी मारून केली. वर ओलं फडकं टाकून केली. रात्रभर गादीखाली दाबून ठेवली. तरी तेच. उभा जन्म इस्त्री धरण्यात गेला माझा. म्हटलं, हात नाही चुकत, कापडच चुकलंय. मेल्यानं तिरपं बेतलंय.

पँट घेऊन त्याच्या दुकानात गेले. म्हटलं, "कापड उभ्या धाग्यात कापायचं असतं, हे तुला बापानं शिकवलं नाही वाटतं?"

तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "आजी, नाचता येईना अंगण वाकडं. इस्त्री येईना, कापड वाकडं."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती हसली. झालं, बोलणं बंद. त्यानं आपले शर्ट कोपऱ्यावरच्या मशीन-लाँड्रीवाल्याकडे टाकायला सुरुवात केली. तिथून कॉलर कशा चेंगरून परत आल्या ते मी माझ्या दारातून बघितलं आणि मला दोन घास जास्त गेले.

मग काल तो स्वतः रस्ता ओलांडून आला. टोळ आपल्या दुकानाच्या पायरीवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होती. तिला म्हणाला, "ऊठ गं. सरळ उभी राहा. गुडघे जुळव. आता पावलं जुळव."

गुडघे जुळले. पावलं जुळेनात. उजवं पाऊल जागेवर, डावं आपलं बाहेर, घराचा रस्ता चुकल्यासारखं.

"कापड सरळ आहे, आजी," तो म्हणाला. "तुमची इस्त्रीही सरळ आहे." चहा घेतोस का विचारलं तर नको म्हणाला आणि गेला.

पँट पुन्हा उलगडून बघितली. डाव्या गुडघ्याशी, आतल्या अंगाला, कापड घासून चकचकीत झालं होतं. ते मला आधीच दिसलं होतं. ती चकाकी मारायला मी उलट्या बाजूनं इस्त्री करत होते. धंद्याची नजर ही अशी असते, डाग दिसतो, माणूस दिसत नाही.

पोरीला विचारलं, दुखतं का. म्हणाली, "उडीनंतर थोडंसं. आईला सांगू नकोस हं, ती घाबरते."

सांगितलं. येत्या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरणीकडे जातोय.

आई


१९ मार्च

लेकीस,

जाऊन आलो. डॉक्टरीण तुझ्याच वयाची आहे, आवाज खणखणीत. कोटाची कॉलर मात्र अशी की मला तिथंच अंगावरून उतरवून घ्यावासा वाटला.

तिनं टोळला चालवलं, उकिडवं बसवलं, झोपवून पाय वाकवून बघितले. मग उभं करून दोन्ही पायांचा फोटो काढला, कमरेपासून घोट्यापर्यंत. आणि म्हणाली, आता एका हाताचा काढू.

मी म्हटलं, "बाई, दुखतोय गुडघा. हात कशाला?"

म्हणाली, "आजी, हातात बारीक हाडं पुष्कळ असतात. ती कितपत पक्की झालीत ते बघितलं की पोरीची वाढ किती उरली आहे ते कळतं."

हात बघून पुढचं सांगणारे रस्त्यावर चादर टाकून बसतात एवढंच मला ठाऊक होतं. ही पदवी घेऊन बसली आहे.

मी तिला तुझं सांगितलं. म्हटलं, पोरांचे पाय आपोआप सरळ होतात, मला माहीत आहे. हिची आई चालायला लागली तेव्हा दोन गुडघ्यांमधून मांजर आरपार जायचं. चौथ्या वर्षी सगळं उलटं. गुडघे एकमेकांना टाळ्या देत चालायची आणि धडपडायची. शाळेत अक्षरं गिरवायला लागेपर्यंत आपोआप सरळ. मी काहीसुद्धा केलं नाही.

मला वाटलं ती हसेल. म्हणाली, "काही केलं नाहीत तेच बरोबर केलंत. सगळी मुलं त्याच वाटेनं जातात. आधी पाय बाहेर, मग आत, सातव्या-आठव्या वर्षापर्यंत जागेवर. पण हिचं वय त्यापुढचं आहे, आणि एकच पाय आत चाललाय. हा आपला आपण परत यायचा नाही."

का झालं विचारलं, तर म्हणाली, कारण दर वेळी सापडतंच असं नाही. रक्त तपासलं, त्यात काही कमी निघालं नाही. पोरीला मी नीट खायला घालते याचा पुरावा म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

मग तिनं कागदावर चित्र काढून दाखवलं. मांडीचं हाड आणि नडगी गुडघ्यात भेटतात ना, त्या हाडांच्या टोकांशी एक मऊ थर असतो. पोरं उंच होतात ती तिथून. वाढायचं वय संपलं की तो थर हाड होऊन बंद होतो, मग कुणी कितीही दूध पाजा. टोळच्या डाव्या मांडीच्या हाडात आतली बाजू पुढे पळाली आहे आणि बाहेरची मागे पडली आहे. तर आतल्या बाजूला एक छोटी पट्टी बसवायची. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी, दोन स्क्रूंची. एक स्क्रू थराच्या वर, एक खाली. आतली बाजू थोपवली की बाहेरची मागून येऊन गाठते. पाय सावकाश सरळ होतो, वर्षभरात.

"हाड कापायचं नाही?" मी विचारलं.

"नाही."

"ओढायचं नाही, वाकवायचं नाही?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही काही करणार नाही. पोरच करणार."

"तसंच समजा," ती म्हणाली. "आपण फक्त एका बाजूनं धरायचं आणि वेळेवर सोडायचं. सोडायला उशीर केला तर पाय दुसऱ्या बाजूला वाकतो."

मला ही बाई आवडली. कॉलरचं बघू पुढे.

पण हे सगळं तो थर उघडा आहे तोवरच. पाळी सुरू झाली की वाढ मंदावते. मग पट्टीचा उपयोग नाही, मोठेपणी हाड कापून बसवावं लागतं, आणि तोवर गुडघा एकाच बाजूनं झिजत राहतो. लक्षणं दिसू लागली आहेत. मी आजी आहे, मला कळतं.

सही आईची लागते. मी म्हटलं, पोर माझ्याकडे राहते, मी करते. तिनं कागद माझ्यापुढून उचलला आणि पाकिटात घातला. तो सोबत आहे. खाली उजवीकडे सही कर आणि पाठव.

आई


१० एप्रिल

लेकीस,

कागद आला नाही.

टोळ सांगते, आईला विचार करायचाय. कर. पण हाड तुझ्या विचारासाठी दारात थांबून राहत नाही. या महिन्यात तिच्या पँटची मुडप मी पुन्हा उसवली. आता उसवायला मुडपच उरली नाही.

तू फोनवर तिला म्हणालीस, "मी येईपर्यंत थांबा." ती दाराआड उभी राहून बोलते आणि तिला वाटतं मला ऐकू येत नाही. कधी येणार आहेस? दोन वर्षं झाली. तिकडे परक्या म्हाताऱ्यांना उठवतेस, बसवतेस, आंघोळी घालतेस. चांगलं काम आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण तुला माहीत असेलच, त्यांच्यातल्या किती जणांचे गुडघे गेलेत. त्यांना विचार, अकराव्या वर्षी कुणी सरळ करून देतो म्हटलं असतं तर थांबला असता का.

"पोरीच्या अंगात लोखंड" असंही म्हणालीस. लोखंड नाही, वेगळा धातू आहे, गंजत नाही, मी विचारून घेतलंय. आणि तो काढतात. कायमचा नाही.

मला ठाऊक आहे तू का अडली आहेस. कागद मी पाठवला म्हणून. तोच जर शिंप्यानं पाठवला असता तर उलट टपाली आला असता.

तर मग काढतेच तो विषय. तू निघालीस त्या सकाळी टोळचे सगळे कपडे मी पाण्यात भिजवले. बॅगेत भरलेलेसुद्धा काढून भिजवले. पोर चड्डी-बनियनवर दारात उभी, तुझी गाडी बाहेर, आणि टबात सगळा संसार साबणात. ओले कपडे घेऊन कुणी विमानात बसत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तू एकटी गेलीस. जाताना काय बोललीस ते मला पाठ आहे. मी काय बोलले तेही तुला पाठ असेल. तिथं तुला राहायला अर्धी खोली, कामाच्या पाळ्या रात्रीच्या, पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवणार होतीस? आजही वेळ आली तर आजही भिजवीन. पटत नसेल तर तसं लिही, दहा पानं शिव्या लिही, मी वाचीन. फक्त त्या दहा पानांबरोबर हा कागदही घाल.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आपला दोघींचा पीळ एकाच सुंभाचा. त्यात पोरीचा पाय कशाला गुंतवतेस?

आई


२० मे

लेकीस,

पाकीट मिळालं. आत सही केलेला कागद, बाकी काही नाही. शिव्यांची पानं टपालात गहाळ झाली असं मी समजते.

मागच्या आठवड्यात गुरुवारी झालं. सकाळी आत नेलं, मी दुसरा चहा संपवायच्या आत बाहेर. गुडघ्याच्या आतल्या बाजूला बोटाच्या दोन पेरांएवढी चीर, वर बँडेज. मला काही वाटलं नाही. तिथं कपाटात चादरी कशातरी कोंबलेल्या होत्या. बसून राहायची मला सवय नाही, म्हणून तेवढ्या घड्या घालून दिल्या. मग शेजारच्या कपाटातल्या. नर्स येऊन म्हणाली, "आजी, त्या वापरलेल्या आहेत, धुवायला जायच्यात." म्हटलं, मग धोब्याला घडी घातलेल्या मिळतील, त्याचा काय तोटा आहे. तिनं मला खुर्चीत नेऊन बसवलं आणि माझा हात धरून ठेवला. मला काही झालं नव्हतं. तिलाच कुणाचा तरी हात धरायचा असेल.

टोळ शुद्धीवर आली ती विचारते, "आजी, लांब उडीत लोखंडाचं वजन धरतात का?"

दुसऱ्या दिवशी कुबड्या घेऊन घरी चालत आली. आठवड्यात कुबड्या कोपऱ्यात गेल्या. त्यांचा उपयोग आता उंच हँगर काढायला होतो. उडी मात्र काही दिवस बंद. तिला शिंप्यानं बटणं लावायला बसवलंय. बटणं चांगली लावते, पण बोलते फार. तो काल म्हणाला, "ही लवकर बरी होवो, माझे कान दुखायला लागले."

त्याचे शर्ट परत माझ्याकडे यायला लागलेत. मी कॉलरला थोडी जास्त खळ घालते एवढंच.

सही छान आहे तुझी. शाळेत असताना अशी नव्हती.

आई


२० सप्टेंबर

लेकीस,

दर तीन महिन्यांनी फोटो काढायचा असतो. दुसरा परवा काढला. डॉक्टरणीनं दोन्ही फोटो उजेडावर शेजारी लावले. मला हाडातलं काय कळतं, पण उभा धागा कळतो. कमरेच्या खुब्यापासून घोट्यापर्यंत तिनं एक रेघ ओढली. मे महिन्यात ती रेघ गुडघ्याच्या बाहेरून जात होती, पार कडेनं. आता गुडघ्यात शिरली आहे. मधोमध यायला अजून वेळ आहे.

आणि स्क्रू. बसवले तेव्हा दोन्ही एकमेकांना समांतर होते. आता त्यांची टोकं फाकत चालली आहेत, कारण पलीकडची बाजू वाढते आहे. मी म्हटलं, हे असंच पाहिजे ना? ती म्हणाली, असंच पाहिजे. घरी येईपर्यंत टोळनं दोन बोटं फाकवून रस्त्यात सगळ्यांना दाखवलं. लोकांना वाटलं पोरगी कुठली तरी निवडणूक जिंकली.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं मी लहानपणापासून ऐकत आले. म्हणणाऱ्यांनी मोठी कुत्री धरली असतील.

शाळेत एका पोरानं तिच्या चालीची नक्कल केली. तिनं त्याला थांबवलं नाही. उलट म्हणाली, "डावा पाय अजून बाहेर फेक. आता बरोबर." त्याला कंटाळा आला, त्यानं सोडून दिलं. हे तुझं घेतलंय तिनं. मी असते तर चपला मारल्या असत्या.

पाळी गेल्या महिन्यात सुरू झाली. घाबरली नाही. तिनं तुला फोन केला होता ते मला माहीत आहे, कारण फोन ठेवून ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "आईनं सगळं सांगितलं, तू काही सांगू नकोस, तू आचरट सांगशील." बरं वाटलं. म्हणजे आचरट म्हणाल्याचं नाही, सांगितलंस त्याचं. डॉक्टरणीला विचारलं, आता उशीर झाला का? म्हणाली, नाही, वेळेत पकडलं आहे, अजून वाढ उरली आहे. तू सही आणखी महिनाभर दाबून ठेवली असतीस तरी चाललं असतं कदाचित. हे मी तुला सांगायला नको होतं, पण लिहून बसले, आता खोडत नाही.

तिचा जुना स्वेटर बाह्यांनी कोपरापर्यंत आला आहे. तू मागच्या महिन्यात पाठवलेला निळा तिला बरोब्बर बसतो. न बघता माप कसं कळलं तुला?

आई


१४ जानेवारी

लेकीस,

रविवारी रेंज होती म्हणायची.

फोन मी उचलला, टोळ अंघोळीला होती. वाटलं आता कटकन आवाज येईल. नाही आला. तू म्हणालीस, "कशी आहेस?" मी म्हटलं, "उभी आहे." तू म्हणालीस, "गुडघे?" मी म्हटलं, "माझे की तिचे?" आणि तू हसलीस. तुझं हसणं पहिल्यासारखंच आहे, पिंपात तांब्या पडल्यासारखं. मग टोळ ओल्या केसांनी येऊन फोन घेऊन गेली. चांगलं झालं. आणखी थोडं बोललो असतो तर भांडलो असतो.

माझे गुडघे करकरतात. दुकानात उभं राहून राहून झालंय ते. डॉक्टरीण म्हणाली, तुमची वाढ संपली आजी, तुम्हाला पट्टी बसवता येणार नाही. मी म्हटलं, माझी जीभ अजून वाढते आहे, तिला बसवा.

आता नीट वाच. रेघ जवळजवळ मधोमध आली आहे. बहुतेक मेमध्ये पट्टी काढायची. तारीख चुकवून चालणार नाही हे तिनं मला तीनदा बजावलं, जसं काही मी विसरणार आहे. धरलेली बाजू धरूनच ठेवली तर सरळ झालेला पाय पुढे जाऊन उलटा वाकतो. म्हणजे जे सरळ करायला धरलं, तेच धरण्यामुळे वाकडं. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. तिला वाटलं मला कळलं नाही, म्हणून तिनं पुन्हा चित्र काढलं.

काढायलाही सही लागते. टपालानं पाठवलीस तरी चालेल. स्वतः आणून दिलीस तरी चालेल.

टोळ म्हणते, तुला आता पुरी खोली आहे, दिवसाची पाळी आहे, आणि जवळच्या शाळेत पळायची चांगली जागा आहे. तिनं हे मला सांगताना इतक्या सहज सांगितलं की मला कळलं, आठवडाभर पाठ करत होती.

मी टबात पाणी भरायला गेले, शिंप्याचे शर्ट होते.

आई


३ जून

लेकीस,

तू पलीकडच्या खोलीत झोपली आहेस. दुपारचे तीन वाजलेत आणि तुझ्या अंगात अजून तिकडची रात्र आहे. घोरतेस. पूर्वी घोरत नव्हतीस.

समोर बसलं की आपल्याला भांडणच सुचतं, म्हणून लिहितेय. आठ दिवसांत आपण नळ कुणी उघडा टाकला यावर भांडलो, खिडकीवर भांडलो, तू आणलेल्या साबणाच्या वासावर भांडलो. शिंपी टोळला विचारत होता, "दोघी ठीक आहेत ना?" ती म्हणाली, "छान आहेत, बोलायला लागल्यात."

पट्टी काढली तेव्हा तू आत तिच्याजवळ होतीस आणि मी बाहेर. तू बाहेर आलीस तर काय बघितलंस? मी आणि ती नर्स, दोघी मिळून चादरी घड्या घालत होतो. यावेळी धुतलेल्या होत्या. तू येऊन तिसऱ्या चादरीची दोन टोकं धरलीस. चादर ओढून ताणायची, मग जवळ यायचं, टोक टोकाला लावायचं, तुझी बोटं माझ्या बोटांना लागायची, पुन्हा मागे सरायचं. लहानपणी तुला दुकानात हेच काम होतं. विसरली नाहीस. तेवढा वेळ आपण भांडलो नाही.

ती पट्टी डॉक्टरणीनं डबीत घालून दिली. टोळला ती तिकडच्या पोरींना दाखवायची आहे. तिच्या पेन्सिलीच्या डब्यात ठेवली आहे. आणि जाताना मी डॉक्टरणीचा कोट मागून घेतला. काल पोचवला. आता माणसात आल्यासारखी दिसते.

परवा तुम्ही निघणार. तू मला अजून तोंडानं विचारलं नाहीस आणि मीही हो म्हटलं नाही. आल्यापासून तू माझ्या टबाकडे बघतेस. सकाळी उठलीस की आधी न्हाणीत जाऊन टब रिकामा आहे का बघतेस. मला दिसतं. बघ हवं तितक्यांदा. टब उपडा घातला आहे. टोळचे सगळे कपडे धुऊन, वाळवून, इस्त्री करून तिच्या पलंगावर रचलेत, मोजे वर आहेत. एकही कपडा ओला नाही. निळा स्वेटर तेवढा अंगावर घालायला बाहेर ठेवलाय.

डॉक्टरीण म्हणाली होती, वेळेवर सोडायचं. मी ते पायाचं आहे असं समजून ऐकत होते.

तेव्हा भिजवले ते बरोबर होतं. आता वाळवले तेही बरोबर आहे. दोन्हींत मला काही विरोध दिसत नाही. तुला दिसला तर तो तिकडे जाऊन दिसू दे.

माझी काळजी करू नकोस. दुकान आहे, शिंपी आहे, त्याला माझ्याशिवाय भांडायला कुणी नाही. कुबड्या दवाखान्यात परत दिल्या, त्यामुळे उंच हँगर काढायची तेवढी अडचण होणार. त्यानं काठीला आकडा बसवून देतो म्हटलंय. वाकडा देईल, मला खात्री आहे.

हे पत्र तुझ्या कोटाच्या डाव्या खिशात ठेवतेय. आमच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या खिशात सापडलेलं परत द्यायची पद्धत आहे. हे परत द्यायचं नाही.

सुरुवातीला म्हटलं होतं, आशीर्वाद शेवटी. उरले आहेत. दोघींना वाटून घ्या.

आणि शेवटचं, कामाचं. डॉक्टरीण म्हणाली आहे, वाढ पुरी संपेपर्यंत पाय पुन्हा थोडा आत जाऊ शकतो, लक्ष ठेवा. तिकडे फोटो काढशीलच. पण फोटो महिन्यांनी निघतो, पँट रोज घालते. दर रविवारी इस्त्री करताना शिवणीवर शिवण नीट ठेव, ओलं फडकं टाक, क्रीज वरपासून खालपर्यंत एका दमात ओढ. मग तिला ती घालून खिडकीपुढे उभी कर. डावी क्रीज कुठं वळलेली दिसली तर पुन्हा इस्त्री करत बसू नकोस, शिंप्याशी भांडायला जाऊ नकोस. आधी पोरीकडे बघ.

आई